शेवंतीकाकीच्या हातचं

शेवंतीकाकी कुणालाही काही खायला देताना आधी त्यातला एक तुकडा मोडून आपल्या तोंडात टाकायची. नीट चावायची, गिळायची आणि मग तोंड उघडून दाखवायची. “बघलंस? गिळलंय. आता खा.” लाडू असो, केळं असो, फणसाचा गरा असो, यात कधी बदल नाही. पाणी द्यायचं झालं तरी पहिला घोट स्वतः घ्यायची. कसालच्या बाजारात तिच्याकडून आमसुलं घेणाऱ्या एका बाईला याची मोठी गंमत वाटली. ती म्हणाली, “माल बरो आसा ह्या दाखवक आधी तू खातंस काय गो?” काकी म्हणाली, “होय तर. तसाच काय तां.” आणि तिनं तराजू उचलला.

आमच्या वाडीत असं कुणी विचारलं नसतं. शेवंतीकाकीनं आपल्या हातचं खायला घालून माझ्या वडिलांना मारलं, असं वाडीचं मत होतं आणि ते मत काकीला ठाऊक होतं.

ती माझी सख्खी काकी. वडील तिघे भाऊ. थोरले आबाकाका, मधले माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि धाकटे मधुकाका. शेवंती ही मधुकाकांची बायको. मालवण तालुक्यात खाडीच्या काठाला आमची वाडी आहे. तिथं आमची दोन घरं, मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. अलीकडच्या घरात आबाकाका आणि आम्ही, पलीकडे काकी आणि मधुकाका. त्यांना मूल नव्हतं. काकी अंगानं काटकुळी, काळीसावळी, चालताना पळतेय असं वाटावं अशी. उन्हाळाभर ती रातांबे फोडायची, आमसुलं वाळवायची, त्यांच्या रसाचं आगळ बाटल्यांत भरायची. तिचा आवाज खाडीवरच्या तरीच्या धक्क्यापर्यंत ऐकू जायचा. गोड बोलणं तिला जमत नसे. मधुकाका मात्र अगदी उलटे. ‘वाद नको’ एवढंच त्यांचं म्हणणं. काकी म्हणायची, “देवान ह्येंका तोंड दिल्यान, पण ता पेज पिवकच.”

सगळं सुरू झालं ते एका फणसापायी. झाडाचा बुंधा गडग्याच्या आमच्या बाजूला, फांद्या तिच्या खळ्यावर, म्हणजे अंगणावर. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आबाकाकांनी माणूस चढवून त्या फांद्या तोडायला लावल्या. काकी गडग्याशी आली आणि सगळ्या वाडीनं ऐकावं अशी ओरडली, “तोडा! सगळा तोडा! कोणासाठी राखून ठेवतास? तुमच्या घरातलो एकय दादलो म्हातारो झालो नाय, नि होवचो पण नाय!”

ती जे बोलली ते खोटं नव्हतं. आजोबा शेतात नांगर धरलेला असतानाच गेले, चाळिशी नुकतीच ओलांडली होती. त्यांचे भाऊ होडीत गेले. आमच्या घरातल्या पुरुषांचे केस पिकलेले फारसे कुणी पाहिलेच नव्हते. हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कुणी नव्हतं. काकी बोलली.

दादांना त्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. सकाळचा चहा काकीच्या पडवीत घ्यायची त्यांची जुनी सवय, ती त्यांनी भांडणानंतरही सोडली नाही. तिच्या हातच्या घावण्यांवर त्यांचा जीव होता. त्या वर्षी गणपतीच्या आधी, गणपतीवरच्या माटवीला बांधायच्या पानाफळांच्या सामानासाठी बाजारात जायच्या दिवशी, ते तिच्याकडे घावणे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं खाऊन आले. दुपारी पडवीत बसले. “डावो हात भरून इलो,” म्हणाले आणि आडवे झाले. ते पुन्हा उठले नाहीत. दादा सडपातळ होते, माडावर सरसर चढायचे, दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. असा माणूस कशानं मरतो? मी तेव्हा सातवीत होते. माझा मोठा भाऊ, बाबूदादा, चोवीस वर्षांचा. घरातला कर्ता माणूस गेल्यावर आमचं सगळं आबाकाकांच्या हातात गेलं.

आबाकाका दूरच्या एका भगताकडे जाऊन आले. भगतानं नाव सांगितलं नव्हतं. खाण्यातून झालं, जवळचं बायकामाणूस आहे, एवढंच तो म्हणाला. नाव आबाकाकांनी घातलं. मग एकेक पुरावा जमत गेला. फणसाच्या वेळी ती बोलली होती. दादा तिच्याकडेच खाऊन आले होते. दादा गेले आणि त्यांच्याहून थोडेच लहान मधुकाका मात्र धडधाकट होते. नवरा जिवंत आहे हाही तिच्याविरुद्ध पुरावाच झाला. आणि सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे खुद्द आबाकाका. “मी तिच्या हातचा कधी खाल्लंय नाय,” ते म्हणायचे, “म्हणान जितो आसंय.”

तेव्हापासून तिच्या हातचं वाडीत कुणी घेईना. हळदीकुंकवाचं आमंत्रण बंद झालं. तिचं आगळ, जे आधी मालवणपर्यंतच्या पाहुण्यांना आमच्याच घरातून पाठवलं जायचं, ते कुणी विकत घेईना. म्हणून ती एस.टी.नं कसालच्या बाजाराला जाऊ लागली, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. आईनं मला बजावलं होतं, गडग्यापलीकडे पाय टाकायचा नाही. एकदा शाळेतून येताना व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, साकवावर काकी भेटली. तिनं पिशवीतून खोबऱ्याची वडी काढली. मी हात पुढे केला, तर तिनं वडी मागे घेतली, कोपरा मोडला, स्वतः खाल्ला, आणि तोंड उघडून दाखवलं. तिचे डोळे माझ्यावर रोखलेले होते. मी वडी खाल्ली. ती म्हणाली, “बापाशीसारखीच आसंस. भियाचा नाय.” आणि तोंड फिरवून चालायला लागली.

आमच्या घराण्याची एक खूण होती. पुरुषांच्या वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, पिवळा डाग असायचा. हळदीचं बोट टेकवावं तसा. टाचेच्या वरची शीरही जाड, गाठीगाठींची. दादांना ती खूण होती, मधुकाकांना होती, बाबूदादाला लग्न झालं तेव्हापासून उमटायला लागली होती. मूळपुरुषाला देवीनं हळदीचं बोट लावलं होतं, ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं, असं आबाकाका अभिमानानं सांगायचे. स्वतः आबाकाकांना मात्र ती खूण नव्हती. याची त्यांना आतून थोडी लाज वाटत असावी, कारण तो विषय निघाला की ते चष्मा काढत नसत.

दोन हजार दोन साली मधुकाकांच्या छातीत दुखलं. ते पित्त म्हणत होते, पण अंगाला दरदरून घाम होता. काकीनं वाडीतल्या चार घरांसमोर उभं राहून हाका मारल्या. कुणी आलं नाही. तिनं स्वतः त्यांना खांद्याला धरून रस्त्यापर्यंत नेलं, जाणारी रिक्षा अडवली, आणि कुडाळला एका डॉक्टरकडे पोचवलं. मी तेव्हा कुडाळला मामाकडे राहून अकरावीत शिकत होते. कळल्यावर मी गेले. मधुकाका वाचले होते. काकी बाकावर सरळ बसली होती, पाठ न टेकता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मधुकाकांच्या पापण्या पाहिल्या, मग पायावरची चादर सारून टाच दाबून पाहिली. “हे डाग कधीपासूनचे?”

काकी डॉक्टरांशी, सरकारी माणसांशी शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायची. म्हणाली, “ती ह्यांच्या घराण्याची खूण आहे, साहेब. सर्वांना असते.”

“सर्वांना? ते सर्व कुठं आहेत?”

काकी मग एकेकाचं नाव घेत गेली आणि प्रत्येक नावापुढे “गेले” म्हणत गेली. दादांचं नाव घेताना तिनं माझ्याकडे पाहिलं.

रक्त तपासून झाल्यावर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. या कुटुंबाच्या रक्तात जन्मापासूनच कोलेस्टेरॉल फार जास्त असतं. खाण्यापिण्यानं ते वाढतं, पण मुळात ते वारशानं येतं. बारीक माणसालाही असतं. काकी म्हणाली, “पण चरबी रक्तात असली, तर छातीत का दुखतं?”

“रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे,” डॉक्टर म्हणाले. “ती जिवंत असते. माणूस धावला, ओझं उचललं, की ती सैल पडते, रुंद होते, जास्त रक्त जाऊ देते. तिला आतून एक पातळ अस्तर असतं, ते हे काम करवून घेतं. कोलेस्टेरॉल वाढलं की आधी ते अस्तर आजारी पडतं. मग वाहिनीला सैल पडणं जमत नाही. ती ताठ राहते. ताठ वाहिन्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जोर लावावा लागतो, ब्लड प्रेशर वाढतं. आणि प्रेशर वाढलं की अस्तराला आणखी इजा होते, तिथून चरबी आत शिरते, थर बसतो. एकानं दुसरं वाढत जातं. वर्षानुवर्षं. बाहेरून काहीच कळत नाही. मग एक दिवस तो थर फुटतो, तिथं रक्त गोठतं, आणि वाट बंद.”

काकीनं पदर बोटाला गुंडाळला. “साहेब, कोणी खाण्यातून काही घातलं तर असं होतं का?”

“कोणी काय घातलं?”

“काहीही. एखाद्या बाईनं घावण्यातून वगैरे.”

डॉक्टरांना काही कळेना. “नाही हो बाई. हे आईबापांकडून येतं. घावण्यानं कसं होईल?”

“परत सांगा.”

त्यांनी परत सांगितलं.

“अजून एकदा सांगा, साहेब.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा, अगदी सावकाश, तेच सांगितलं. काकी उठली, बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आली. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर आबाकाकांच्या नावानं बोटं मोडेल. ती माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, “रूपा, बाबूच्या डोळ्यांकडे बघलंस गो तू?”

मधुकाकांना घरी आणलं त्याच आठवड्यात ती आमच्या खळ्यात आली. चार वर्षांत पहिल्यांदा. मी सुट्टीला घरी होते. तिनं चपला गडग्याशी काढल्या होत्या. आबाकाका पडवीत बसले होते, आई दाराआड. बाबूदादा आणि त्याची बायको नंदावैनी मागच्या दारानं आली. काकी पायरीखालीच थांबली.

“भावोजी, भांडूक येवक नाय मी. डॉक्टर म्हणता, ह्या रगतातसून येता, बापाशीकडसून झिलाक. बाबूच्या डोळ्यार तीच खूण आसा. तेका घेवन जावा. एक सुई टोचूची, बाकी काय नाय.”

“म्हणजे आमच्या घराण्याचा रगत नासका?”

“नासका म्हणूक नाय मी.”

“देवीचा बोट ता! तेका तू रोग म्हणतंस? नि मधूक झाला ता काय? तुजा तुकाच उलाटला.”

इथं काकीनं गप्प राहायला हवं होतं. पण गप्प राहणं तिला कधी आलंच नाही. “माजा माका उलाटला तर मी मराक होयी होतंय! ह्ये कित्याक मरतले?” मग ती दाराआडच्या आईकडे वळली. “आक्का, तू तरी आयक. तू आवस आसंस तेची. बाबूक घेवन जा. नायतर एक दिस तो पण…”

तिनं तोंडावर हात घेतला. वाक्य अर्धंच राहिलं, पण ते खळ्यात उभ्या असलेल्या प्रत्येकानं मनात पुरं केलं. आईनं दार लोटून घेतलं. बाबूदादा हसला. तो मनानं फार मोकळा होता, त्याच्या मनात काकीविषयी अढी नव्हती. “काकी, माका काय झाला? माज्याबरोबर शर्यत लावतंस?” म्हणाला आणि तिला गडग्यापर्यंत सोडून आला.

मला मात्र काकी कुडाळला त्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. माझंही कोलेस्टेरॉल तसंच निघालं. ब्लड प्रेशरही माझ्या वयाला असू नये तेवढं. डॉक्टरांनी आधी पथ्य आणि चालणं सांगितलं, आणि पुढे अठराव्या वर्षी गोळी सुरू केली. आईला सांगितलं तेव्हा ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “खंय बोलू नको. लगीन ठरूचा नाय.” बाबूदादाला मी कितीदा सांगितलं. त्याचं एकच उत्तर, “तू पुस्तकां वाचून आजारी पडलंस गो.” आणि तो सिगरेट पेटवायचा.

पलीकडच्या घरात काकीनं मधुकाकांवर पहारा बसवला. आमच्याकडे नारळाशिवाय जेवण म्हणजे जेवणच नव्हे. तिनं वाटपातलं खोबरं सुपारीएवढ्यावर आणलं, तळलेली सुरमई बंद केली, मीठ मोजून. मधुकाका पानावर बसून उसासे टाकत. ती म्हणायची, “उसासो टाकूक जीव आसा ना? मगे जेवा.” रोज गोळी हातावर ठेवायची आणि ती घशाखाली गेली का हे बघितल्याशिवाय हलायची नाही. गडग्यावरून बघणाऱ्यांनी त्याचाही अर्थ लावला. आता उघड-उघडच गोळ्या घालते म्हणाले.

दोन हजार सहा साली, भातकापणी झाल्यावर, मळ्यात क्रिकेटचे सामने होते. बाबूदादा गोलंदाजी करत होता. षटकाच्या मध्येच तो खाली बसला. पोरांना वाटलं, दमला. कुणीतरी पाणी आणलं. तो हसल्यासारखं करून म्हणाला, “वायच थांबा,” आणि कुशीवर कलंडला. टेंपोत घालून नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बत्तीस वर्षांचा होता. नंदावैनीच्या कडेला त्याची मुलगी तन्वी, पाच वर्षांची, बाबा कधी उठणार म्हणून विचारत होती.

काकी गडग्याशी आली होती. तिला तोंड पाहू दिलं नाही. आईनंच आडवा हात केला. माझ्या आईचा एरवी आवाजही कधी चढला नव्हता. ती काकीला म्हणाली, “तू बोललंस. तू माज्या झिलाचा मराण बोलून गेलंस.” काकी मागे फिरली. त्या एका दिवशी ती काही बोलली नाही.

महिन्याभरात गावकीची बैठक देवळात बसली. आबाकाकांनी देवीपुढे नारळ ठेवला आणि काकीला शपथ घ्यायला सांगितलं. मधुकाका खांबाला टेकून खाली मान घालून बसले होते. मी बायकांच्या बाजूला उभी राहिले, पर्समधून माझ्या गोळ्यांची पट्टी काढली आणि सगळ्यांना दाखवली. “ह्या माका पण आसा,” मी म्हणाले. “दादांकडसून इला. बाबूदादाक पण होता. काकीन सांगल्यान तेव्हा तो गेलो असतो डॉक्टराकडे, तर आज हय बसलेलो असतो.”

कुणीतरी मागून विचारलं, “तू पण तिच्याच हातचा खातंस ना गो?”

लोकांनी माना हलवल्या. त्यांना पटलं होतं, पण मी सांगितलं ते नव्हे. माझी गोळी हाही पुरावाच झाला.

काकी उठली. “शपथ घेतंय मी,” म्हणाली. “पण आधी एक सांगा. मी शपथ घेतली तर तुमी माका खरी मानतलास?”

तिनं आबाकाकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या नवऱ्याकडे. मधुकाकांनी मान वर केली नाही.

“मगे नारळ फुकट कित्याक घालवू?” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. मी मागोमाग गेले. वाटेत ती माझ्यावरच भडकली. “तुका कोणी बोलूक सांगलेला? आता तुका सून म्हणान कोण करून घेतलो? माजा गेला ता गेला, तुजा कित्याक घालवलंस?”

पुढे मला कसालजवळ शाळेत नोकरी लागली आणि मी तिथंच खोली घेतली. बाजाराच्या दिवशी काकी टोपली रिकामी झाली की यायची. दारातूनच पहिला प्रश्न, “गोळी घेतलंस?” मग जमिनीवर पाय पसरून बसायची आणि वाडीतल्या एकेकाचा उद्धार करायची. ती सोशिक वगैरे अजिबात नव्हती. आबाकाकांविषयी ती जे बोलायची ते इथं लिहिता येणार नाही. एकदा म्हणाली, “मी काय बरी बायल नाय, रूपा. तोंडान मी फाटकीच. पण तोंडान माणसां मरतत तर तुजो आबाकाको पयलो मेलो असतो.” आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता ती थांबली. “बाबूबद्दल मी तसा बोलूक नको होता,” म्हणाली. “गोड बोलून सांगलंय असतंय, तर आक्कान आयकला असता काय गो?”

मी म्हटलं, नसतं ऐकलं. ती म्हणाली, “तू माजा मन राखतंस.” मला खरोखरच तसं वाटत होतं, आजही वाटतं. पण तिला ते कधी पटलं नाही. वाडीनं केलेला आरोप तिनं कधी अंगाला लावून घेतला नाही. हा मात्र तिनं स्वतःच स्वतःवर ठेवला होता.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत तिला ताप आला. चिखलात उभं राहणाऱ्यांना येतो तो, लेप्टोचा. तिनं साधा ताप समजून काढा घेतला. नवऱ्याचं प्रेशर दर महिन्याला मोजून घेणाऱ्या बाईनं स्वतःचा ताप मोजला नाही. इस्पितळात नेलं तेव्हा मूत्रपिंडं थांबली होती. मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती, पण डोळे पिवळे झाले होते. मला म्हणाली, “ह्येंच्या गोळ्ये फळीर आसत. सांज-सकाळ वेगळ्ये. ह्येंका कळाचा नाय.” दुसऱ्या दिवशी ती गेली.

खांदा द्यायला वाडीतून कुणी आलं नाही. कसालच्या बाजारातले लोक टेंपो करून आले, आमसुलं विकत घेणारे, भाजीवाले, तिच्या शेजारी सुकटीची टोपली मांडणाऱ्या बाईचा नवरा. त्यांनी उचललं. आई गडग्यापर्यंत आली, पदर तोंडाशी धरून उभी राहिली आणि परत गेली.

मधुकाकांच्या गोळ्या मग मी दर रविवारी वाडीत जाऊन बघू लागले. त्या वर्षाअखेरीला डॉक्टरांनी तपासलं, तर सगळं पूर्वीपेक्षा आटोक्यात होतं. सहा वर्षांच्या पथ्याचा तो परिणाम होता. वाडीत त्याचीही बातमी झाली. आबाकाका देवळाच्या कट्ट्यावर सांगत होते, “बघा, ती गेली नि मधू सुधारलो.” मधुकाका शेजारीच बसले होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात नंदावैनी एकटी माझ्या खोलीवर आली. बरोबर तन्वी होती. माहेरी जाते सांगून निघाली होती. तिनं तन्वीला बाहेर खेळायला पाठवलं. मग म्हणाली, “तन्वीच्या टाचेर बघ गो जरा.”

आम्ही तिघी कुडाळला गेलो. तन्वी सुईला घाबरली नाही. रिपोर्ट आला तो माझ्यासारखाच, थोडा जास्तच. डॉक्टर आता पोक्त झाले होते. त्यांनी पथ्य सांगितलं, अगदी लहान मात्रेची गोळी लिहून दिली, आणि म्हणाले, “वेळेवर आणलंत. ही पोरगी छान म्हातारी होईल.” मग त्यांनी सहज विचारलं, “त्या बाई कशा आहेत? त्या काकी?”

मी सांगितलं.

परतीच्या एस.टी.त तन्वी खिडकीपाशी झोपली. नंदावैनी गोळ्यांची पट्टी मुठीत धरून बसली होती. ओरोस मागे पडलं तेव्हा म्हणाली, “घरात सांगू नको हां, रूपा.”

“कित्याक? आता तरी सांगूया. आबाकाकांक रिपोर्ट दाखवूया.”

“नको. तुका माहीत नाय काय? म्हणतले, शेवंती मरताना चेडवाक पण देवन गेली.”

तिचं बरोबर होतं. असंच म्हणाले असते.

“मगे गोळी कसली म्हणान सांगतलंस?”

“दातांची,” नंदावैनी म्हणाली. “दातांक बरी म्हणान सांगतंय.”

तन्वी आता चौथीत आहे. रोज रात्री जेवण झालं की ती गोळी घेते, आणि घरातले सगळे समजतात की पोरीचे दात किडके आहेत. आबाकाका तिला गोड खाऊ नको म्हणून दटावतात. ती एक दिवस मोठी होईल आणि विचारेल. तेव्हा तिला काय सांगायचं, आणि काकीचं नाव कसं घ्यायचं, हे नंदावैनीचं आणि माझं अजून ठरलेलं नाही.